वाचकांचे प्रश्न : घड्याळ मागे का पडते आणि गाडी मध्येच का थांबते?

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर सारखाच आहे : वस्तू तयार झाली, चालूही झाली, पण मनाजोगती वागत नाही. आपण कोणकोणते भाग बदलून पाहिले याची लांबलचक यादी वाचक हौसेने देतात; मल्टिमीटरवर (व्होल्टेज, प्रवाह मोजण्याच्या उपकरणावर) कोणते आकडे दिसले ते मात्र क्वचितच कळवतात. पुढील उत्तरांत मी वारंवार आकड्यांचा आग्रह धरला आहे, तो त्यामुळेच. जागेअभावी प्रश्न संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : आर्डुइनो उनो हा प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड आणि चार अंकी डिस्प्ले वापरून मी भिंतीवरचे घड्याळ तयार केले आहे. वेळ मोजण्यासाठी प्रोग्राममध्ये दर फेरीला एक सेकंद थांबण्याची आज्ञा दिली आहे. घड्याळ दररोज काही मिनिटे मागे पडते. बोर्ड सदोष असेल का?

उत्तर : बोर्ड सदोष असण्याची शक्यता फारच कमी आहे. आपल्या घड्याळात बहुधा दोन स्वतंत्र चुका एकत्र आल्या आहेत आणि त्या वेगळ्या करून पाहिल्याखेरीज उपाय सापडणार नाही.

पहिली चूक प्रोग्राममधील आहे. बोर्ड एक सेकंद थांबतो, अंक बदलतो, डिस्प्लेला नवी माहिती पाठवतो आणि पुन्हा एक सेकंद थांबतो. मधल्या कामाला लागणारा वेळ हिशेबात धरलेलाच नाही. हे काम फेरीमागे केवळ ३ मिलिसेकंदांचे आहे असे मानले, तरी दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत त्याची बेरीज सव्वाचार मिनिटांच्या वर जाते. थांबण्याची आज्ञा काढून टाकावी. बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद लोटले ते सांगणारी सोय भाषेतच आहे. तिचा उपयोग करावा आणि पुढील ठोक्याची वेळ ठरवताना ‘आत्ता’च्या वेळेत नव्हे, तर मागील ठोक्याच्या ठरलेल्या वेळेत १,००० मिळवावेत. ‘आत्ता’च्या वेळेत मिळवले, तर प्रत्येक फेरीचा उशीर साठत जातो आणि आपण होतो तेथेच राहतो.

दुसरी चूक बोर्डावरील स्पंदकाची असू शकते. उनोवरील मुख्य मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या चिपला, १६ मेगाहर्ट्झची स्पंदने देणारा भाग क्वार्ट्झचा स्फटिक नसून सिरॅमिक रेझोनेटर आहे. दिवे लावणे, सेन्सर वाचणे अशा कामांना तो पुरून उरतो, परंतु त्याची वारंवारता अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकते. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. दिवसाच्या हिशेबात मात्र तो ४३२ सेकंद, म्हणजे सात मिनिटांहून अधिक होतो. साध्या क्वार्ट्झ स्फटिकाची चूक दहा लाखांत २० भाग धरली, तर तीच दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आत येते. तेव्हा प्रोग्राम सुधारल्यावर घड्याळ चोवीस तास चालू ठेवून फरक लिहून घ्यावा, आणि असे चार-पाच दिवस करावे. उरलेला फरक रोज जवळपास तेवढाच येत असेल, तर तो रेझोनेटरचा आहे. प्रोग्राममध्ये तेवढी भर घालून काम भागते, पण खोलीचे तापमान बदलले की आकडाही सरकतो.

कायमचा उपाय म्हणजे वेळ राखण्याचे काम उनोकडून काढून स्वतंत्र चिपकडे द्यावे. अशा चिपांच्या पोटात किंवा शेजारी ३२,७६८ हर्ट्झचा लहानसा क्वार्ट्झ चिमटा असतो. ही संख्या म्हणजे २ चा १५ वा घात. ती १५ वेळा निम्मी केली की बरोबर सेकंदाला एक ठोका उरतो. २५ डिसेंबर १९६९ रोजी बाजारात आलेल्या सेइको अ‍ॅस्ट्रॉन या पहिल्या क्वार्ट्झ मनगटी घड्याळातील स्फटिक ८,१९२ हर्ट्झचा होता, म्हणजे २ चा १३ वा घात, तत्त्व तेच. या चिमटेवजा स्फटिकांची एक खोड आहे : २५ अंश सेल्सिअसच्या आसपास ते सर्वांत वेगाने कंपन करतात आणि तापमान वर गेले काय किंवा खाली आले काय, दोन्ही बाजूंना मंदावतात. २५ पासून २० अंश दूर गेल्यास दहा लाखांत सुमारे १४ भागांचा फरक पडतो, म्हणजे दिवसाला सव्वा सेकंदाच्या जवळपास. डीएस१३०७ ही जुनी चिप याबाबत काहीच करत नाही. डीएस३२३१ मात्र स्वतःचे तापमान वेळोवेळी मोजून स्पंदन दुरुस्त करते आणि ० ते ४० अंशांच्या दरम्यान दहा लाखांत २ भागांपेक्षा अधिक चुकत नाही. वर्षाला फार तर एक मिनिट. भिंतीवरच्या घड्याळाकडून याहून अधिक अपेक्षा करणे म्हणजे हट्टच.

डीएस३२३१ बसवलेले तयार छोटे बोर्ड, म्हणजे मॉड्यूल, घेताना एका गोष्टीकडे अवश्य लक्ष द्यावे. सर्वत्र मिळणाऱ्या निळ्या मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करणारे सर्किट असते; ते पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलसाठी बसवलेले आहे, आणि आपण त्यात सीआर२०३२ हा चार्ज न होणारा ३ व्होल्टचा सेल घालतो. सेल काढून, मॉड्यूलला ५ व्होल्ट देऊन, रिकाम्या खोबणीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावून पाहावे. साडेचार व्होल्टच्या आसपास आकडा दिसला, तर ते सर्किट जिवंत आहे आणि साध्या सेलमध्ये सक्तीने प्रवाह ढकलणार आहे. अशा वेळी त्या मार्गातील ‘२०१’ असे छापलेला छोटा रेझिस्टर सोल्डर वितळवून उचलून टाकावा. घड्याळाच्या कामात काहीही फरक पडत नाही.

प्रश्न : ताई, मी शाळेत शिकते. सोल्डरिंग नुकतेच सुरू केले आहे. सोल्डरचे गोळे होतात, ते बोर्डावरील तांब्याच्या पट्टीला चिकटत नाहीत आणि थोडे हलवले की निघून येतात. सोल्डरिंग गनचे तापमान आणखी वाढवू का?

उत्तर : तापमान वाढवू नकोस, क्रम बदल. तुझ्या पत्रावरून असे दिसते की, तू सोल्डर आधी गनच्या टोकावर वितळवून घेतेस आणि मग तो थेंब जोडावर नेऊन ठेवतेस. सोल्डरच्या तारेच्या पोटात फ्लक्स भरलेला असतो. तांब्यावर आलेला ऑक्साइडचा पातळ थर काढून टाकणे हे त्याचे काम. तो थर गेला तरच वितळलेला धातू तांब्यावर पसरतो. टोकावर वितळवून जोडापर्यंत नेईस्तोवर फ्लक्स धूर होऊन उडून गेलेला असतो. उरतो तो केवळ धातूचा गोळा, आणि तो थंड पट्टीवर बसतो खरा, पण धरत नाही.

बरोबर क्रम असा : टोक एकाच वेळी बोर्डावरील पट्टीला आणि भागाच्या पायाला टेकव, एक-दोन सेकंद थांब, आणि मग सोल्डरची तार टोकाला नव्हे तर समोरच्या बाजूने जोडाला लाव. जोड पुरेसा तापला असेल, तर तार आपोआप वितळून पायाभोवती चढेल. आधी तार दूर कर, नंतर टोक, आणि धातू गोठेपर्यंत भाग अजिबात हलू देऊ नकोस. चांगला जोड पायापासून पट्टीकडे आत वळलेल्या उतारासारखा दिसतो. बाहेर फुगलेला गोल थेंब दिसला, की तो वरवरचा समजावा. पाय आणि पट्टी यांच्यामध्ये बारीक काळी फट दिसते का, हे भिंगातून पाहण्याची सवय लावून घे.

तापमानाविषयी सांगायचे तर ६३ भाग कथिल आणि ३७ भाग शिसे असलेले सोल्डर बरोबर १८३ अंशांना वितळते. कथिल, चांदी आणि तांबे यांचे शिसेविरहित सोल्डर २१७ ते २२० अंशांच्या दरम्यान. पहिल्यासाठी टोक ३३० ते ३५० अंशांवर आणि दुसऱ्यासाठी ३७० च्या आसपास पुरते. शिसेविरहित जोड मुळातच थोडा निस्तेज दिसतो, त्यामुळे चमक नाही म्हणजे जोड बिघडला असे समजू नकोस. १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधील शिशावर निर्बंध आणले, तेव्हापासून कारखान्यांत हेच सोल्डर रुळले आहे. तुझ्यासारख्या नवशिक्या हातांना शिशाचे सोल्डर सोपे जाते, पण मी तुला शिसेविरहितच सुचवेन. सुरुवातीचे काही दिवस जड जातील, इतकेच.

टोकाबद्दल एक सांगते. सुईसारखे अणकुचीदार टोक नाजूक कामाला चांगले, असा सर्वसाधारण समज आहे, पण त्याचा जोडाशी स्पर्श इतका कमी असतो की उष्णता पोचतच नाही. पटाशीसारखे चपटे टोक घे. काम थांबवताना टोकावर सोल्डरचा पातळ थर ठेवूनच गन बंद कर, नाहीतर टोक काळे पडते आणि मग त्यावर काहीच चिकटत नाही. निघणारा धूर शिशाचा नसतो, कारण शिसे १,७४९ अंशांना उकळते. तो फ्लक्सचा असतो. म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. दम्याचा त्रास असणाऱ्यांना तो विशेष बाधतो. खिडकी उघडी ठेव, भागांचे जादा पाय कापताना चष्मा घाल, काम संपल्यावर साबणाने हात धू आणि घरातील एखादी मोठी व्यक्ती जवळपास असू दे.

प्रश्न : मोटारीच्या डॅशबोर्डवर मोबाइल ठेवण्यासाठी थ्री-डी प्रिंटरवर पीएलए या प्लॅस्टिकचा स्टँड छापला. उन्हात गाडी उभी राहिली आणि स्टँड वाकला. आतील भरण वीस टक्क्यांवरून शंभर टक्के करावे का?

उत्तर : नाही. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि उन्हात बंद असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड तेथवर सहज जातो. भरीव छापलेला स्टँडही वाकेल, फक्त थोडा उशिरा. पीईटीजी हे दुसरे प्लॅस्टिक ८० अंशांच्या आसपास मऊ पडते. एएसए हे तिसरे १०० अंशांपर्यंत टिकते आणि उन्हातील अतिनील किरणांनाही दाद देत नाही, त्यामुळे या कामाला तेच योग्य. मात्र थंड होताना ते आकसते आणि कडा उचलल्या जातात, म्हणून प्रिंटर बंदिस्त असावा. छापताना स्टँड आडवा ठेवावा. मोबाइलच्या वजनाने थर एकमेकांपासून उकलतील अशा दिशेने छापलेला स्टँड कोणत्याही प्लॅस्टिकचा असला, तरी धक्क्याने तुटतोच.

प्रश्न : मी आणि माझ्या मुलाने मिळून अडथळे टाळणारी चारचाकी रोबो गाडी तयार केली. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, मोटारींना प्रवाह पुरवणारा एल२९८एन ड्रायव्हर, चार छोट्या मोटारी आणि उनो बोर्ड अशी रचना आहे. चाके अधांतरी असताना सर्व उत्तम चालते. गाडी जमिनीवर ठेवली की बोर्ड पुन्हापुन्हा नव्याने सुरू होतो. बोर्ड बदलला, सेन्सर बदलला, प्रोग्रामही दुसरा घातला. काय करावे?

उत्तर : आपण बदलले ते सर्व भाग निर्दोष होते, आणि जी बदलायला हवी ती बॅटरी तेवढी तशीच राहिली.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी म्हणजे दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. धुराची सूचना देणारे यंत्र, मल्टिमीटर अशा अत्यल्प प्रवाह घेणाऱ्या वस्तूंसाठी ती उत्तम आहे. तिची क्षमता ५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिचा अंतर्गत रोध नव्या बॅटरीतही एक-दोन ओहमांच्या घरात असतो व बॅटरी उतरू लागली की वाढत जातो. आता मोटारीचे पाहा. मोटार फिरत असताना ती स्वतःच विरुद्ध दिशेने व्होल्टेज निर्माण करते आणि त्यामुळे प्रवाह आटोक्यात राहतो. ती थांबलेली असताना हे विरुद्ध व्होल्टेज शून्य असते. प्रवाहाला अडवायला केवळ तारेच्या वेटोळ्यांचा रोध उरतो. म्हणून सुरू होण्याच्या क्षणी मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचते, आणि जमिनीवर गाडीचे वजन पेलताना हा क्षण लांबतो. समजा, चारही मोटारींनी मिळून २ अँपिअर मागितले आणि बॅटरीचा अंतर्गत रोध दीड ओहम आहे, तर ३ व्होल्ट बॅटरीच्या आतच खर्ची पडतात. बॅटरी थोडी उतरलेली असेल तर याहून अधिक. उनोवरील मायक्रोकंट्रोलरला मिळणारे व्होल्टेज सुमारे २.७ च्या खाली गेले, की तो चुकीचे काम करण्यापेक्षा स्वतःहून थांबून नव्याने सुरू होणे पसंत करतो. आपल्याला दिसतो तो हाच प्रकार.

खात्री करून घेण्यासाठी मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांवर लावून गाडी हाताने अडवून धरावी आणि मोटारी चालू कराव्यात. साधा मल्टिमीटर क्षणिक घसरण पकडण्याइतका चपळ नसतो, पण चाके अडवलेली असताना घसरण टिकून राहते आणि आकडा स्पष्ट दिसतो. ९ चे ५ किंवा ४ झालेले दिसले, तर पुढे शोधण्यासारखे काही उरत नाही.

उपाय : मोटारींसाठी निकेल-मेटल हायड्राइडचे सहा पेन्सिल सेल वापरावेत. त्यांचे एकत्रित व्होल्टेज ७.२ असते आणि ते २ अँपिअर सहज देतात. एल२९८एन ही चिप जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरांची असल्याने सुमारे २ व्होल्ट स्वतःच गिळते व तापते. त्यामुळे मोटारींपर्यंत ५ व्होल्टच्या आसपास पोचतील आणि त्या छोट्या मोटारींना तेवढेच हवे असतात. पुढेमागे टीबी६६१२ हा मॉसफेट या नव्या जातीच्या ट्रान्झिस्टरांचा ड्रायव्हर घेतल्यास ही गळती फारच कमी होईल. बोर्डाला स्वतंत्र पुरवठा द्यावा, परंतु दोन्ही पुरवठ्यांच्या ऋण तारा एकमेकींना जोडायला विसरू नये. त्या सुट्या राहिल्या, तर बोर्डाचे संकेत ड्रायव्हरला समजतच नाहीत, आणि ‘आता तर मुळीच चालत नाही’ असे दुसरे पत्र मला येते. प्रत्येक मोटारीच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर जोडल्यास ब्रशांच्या ठिणग्यांमुळे होणारा गोंधळही शमतो.

प्रश्न : स्वतःचा मेकॅनिकल कीबोर्ड बांधायचा आहे. ६० कळा आहेत आणि माझ्याकडील छोट्या बोर्डाला वापरण्याजोग्या फक्त १८ पिना आहेत. प्रत्येक कळीला डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावावा असे सर्वजण सांगतात. ते खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर : पिना पुरेशा आहेत आणि डायोड आवश्यकच आहेत. ६० कळा ५ ओळी आणि १२ स्तंभ अशा जाळीत मांडल्या, तर केवळ १७ तारा लागतात. बोर्ड एका वेळी एकच ओळ शून्य व्होल्टवर आणतो आणि बाराही स्तंभ वाचतो. ज्या स्तंभावर शून्य उमटते, तेथील कळ दाबलेली आहे. मग पुढची ओळ. सेकंदाला शेकडो वेळा ही फेरी पूर्ण होते, त्यामुळे बोटांना काहीच जाणवत नाही.

आता डायोडाविना काय होते ते कागदावर काढून पाहावे. पहिल्या ओळीत ‘क’ आणि ‘ख’ अशा दोन कळा, दुसऱ्या ओळीत त्यांच्या बरोबर खाली ‘ग’ आणि ‘घ’. समजा, आपण ‘क’, ‘ख’ आणि ‘ग’ एकदम दाबल्या. बोर्ड दुसरी ओळ तपासतो तेव्हा शून्य व्होल्ट ‘ग’मधून पहिल्या स्तंभात जाते, तेथून ‘क’मधून उलटे पहिल्या ओळीत चढते आणि ‘ख’मधून दुसऱ्या स्तंभात उतरते. दुसऱ्या ओळीच्या वेळी दुसऱ्या स्तंभावर शून्य दिसले, म्हणून बोर्ड ठामपणे सांगतो की ‘घ’ दाबली आहे. आपले बोट तिच्याजवळही नाही! आयताचे तीन कोपरे दाबले की चौथा भुतासारखा उगवतो. प्रत्येक कळीसोबत १एन४१४८ हा डायोड बसवला, की हा उलटा प्रवास बंद होतो. वरील पद्धतीत डायोडाची काळ्या पट्ट्याची बाजू ओळीच्या तारेकडे असावी. ६० पैकी एक जरी उलटा बसला तरी ती कळ मुकी राहते; म्हणून सोल्डर करण्यापूर्वी दिशा आणि नंतर मल्टिमीटरच्या डायोड चाचणीवर प्रत्येक डायोड तपासावा. एका दिशेने ०.६ व्होल्टच्या आसपास आकडा आणि दुसऱ्या दिशेने काहीच नाही, असे दिसले पाहिजे.

कळ दाबताना धातूच्या पात्या काही मिलिसेकंद थरथरतात आणि एका दाबाची तीन-चार अक्षरे उमटू शकतात. कीबोर्डसाठीच्या क्यूएमके या मुक्त प्रोग्राममध्ये यासाठी ५ मिलिसेकंदांची सोय आधीच केलेली असते. कळीखाली निळा स्विच घ्यावा की लाल, याविषयी हौशी मंडळी तासन्‌तास वाद घालू शकतात. घरात दुसरे कोणी झोपत असेल, तर ‘टक’ आवाज करणारा निळा घेऊ नये. माझ्यापुरता वाद तेथे संपतो.

प्रश्न : माझ्या यजमानांना हा छंद आहे. एक संपूर्ण कपाट जुने मोबाइल, अ‍ॅडॉप्टर, तारा, बंद कॅमेरे आणि संगणकांचे सुटे भाग यांनी भरले आहे. त्यातील एका मोबाइलची पाठ फुगून उघडली आहे. ‘कधीतरी लागेल’ हे उत्तर मला पाठ झाले आहे. यातील काय टाकावे आणि काय धोक्याचे आहे?

उत्तर : आपल्या यजमानांची बाजू मी निम्मी उचलून धरणार आहे, परंतु तो फुगलेला मोबाइल आजच कपाटाबाहेर काढायला हवा. लिथियम बॅटरीतील द्रावणाचे विघटन होऊन वायू साठतो, म्हणून ती फुगते. तिला टोचू नये, दाबून सपाट करू नये आणि ‘एकदा बघू या’ म्हणून चार्जरला तर मुळीच लावू नये. मोबाइल तसाच्या तसा वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात, जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर, हवेशीर जागी ठेवावा आणि बॅटऱ्या स्वीकारणाऱ्या संकलन केंद्राकडे लवकरात लवकर द्यावा. रोजच्या कचऱ्यात टाकल्यास कचरा दाबणाऱ्या यंत्रात तिचा भडका उडू शकतो.

इतर मोबाइल ठेवायचेच असतील, तर निम्मे चार्ज करून ठेवावेत आणि दर काही महिन्यांनी तपासावेत. लिथियम सेल पूर्ण उतरून २.५ व्होल्टच्याही खाली दीर्घकाळ पडून राहिला, तर त्याच्या आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबे नको तेथे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकते. असा सेल मल्टिमीटरवर सापडला, की त्याला जीवदान देण्याचा मोह टाळावा.

बंद कॅमेऱ्यांविषयी विशेष सूचना : फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास विद्युतभार असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो काही काळ टिकतो. संगणकाच्या पॉवर सप्लायचीही गोष्ट तशीच. ज्याला त्यांतील विद्युतभार उतरवता येतो, त्यानेच हे दोन्ही प्रकार उघडावेत.

अ‍ॅडॉप्टर मात्र टाकू देऊ नका. नवीन प्रयोगाला पुरवठा लागतोच आणि चांगला अ‍ॅडॉप्टर वर्षानुवर्षे चालतो. प्रत्येकावर व्होल्टेज, प्रवाह आणि मधली पिन धन आहे की ऋण, हे ठळक अक्षरांत लिहिलेली पट्टी चिकटवावी. जुन्या, जड, ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅडॉप्टरांवर १२ छापलेले असले, तरी काहीही न जोडता मोकळ्या अवस्थेत १६-१७ व्होल्ट मिळू शकतात, म्हणून पट्टीवर मोजलेला आकडा लिहावा. मोटारी, चुंबक, स्क्रू, स्प्रिंगा ठेवण्यासारख्या. ज्या यंत्राच्या आहेत ते यंत्रच आठवत नाही अशा चपट्या तारा, फुटलेले पडदे आणि नाव पुसलेली सर्किट बोर्डे ई-कचऱ्यात द्यावीत. ‘कधीतरी’ची वाट त्यांनी पुरेशी पाहिली आहे.

प्रश्न : निन्टेन्डोचा जुना गेम बॉय (हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेमचे यंत्र) आणि त्याची काडतुसे, म्हणजे त्यात घालायच्या खेळांच्या डब्या, सापडली. खेळ चालू होतो, जुन्या प्रगतीची नोंदही दिसते. काडतुसातील बॅटरी बदलावी का? मल्टिमीटरवर ती २.९ व्होल्ट दाखवते.

उत्तर : १९८९ मध्ये आलेल्या या यंत्राच्या अनेक काडतुसांत आपली प्रगती एका छोट्या स्मृतिचिपमध्ये राहते आणि ती चिप नाण्याच्या आकाराच्या ३ व्होल्टच्या लिथियम सेलवर जिवंत असते. चिप घेते तो प्रवाह इतका सूक्ष्म असतो की सेल दशके पुरू शकतो. ज्या काडतुसांत घड्याळही आहे, त्यांत तो बराच लवकर संपतो.

मी एरवी मोजमापाचा आग्रह धरते, पण येथे तो आकडा आपल्याला दिलासा देऊ शकत नाही. लिथियमच्या या सेलचे व्होल्टेज आयुष्याचा बहुतेक काळ जवळपास सपाट राहते आणि अगदी शेवटी एकदम कोसळते. २.९ व्होल्ट म्हणजे निम्मे आयुष्य उरले की थोडेसेच, हे त्यावरून ठरवता येत नाही. शिवाय सेल काढला त्याच क्षणी नोंद पुसली जाते. तेव्हा आधी यूएसबीला जोडता येणारा काडतूस-वाचक मिळवून नोंदीची प्रत संगणकावर उतरवून घ्यावी. त्यानंतर ३.८ मिलिमीटरच्या विशेष पेचकसाने काडतूस उघडावे, सेलवर छापलेला क्रमांक पाहावा आणि त्याच क्रमांकाचा, पत्र्याचे पाय आधीच बसवलेला नवा सेल आणावा. साध्या सेलवर थेट सोल्डर करू नये; उष्णतेने त्याचे आतील आवरण बिघडते आणि तो गळू किंवा फुटू शकतो. नवा सेल बसवून झाल्यावर प्रत पुन्हा काडतुसात चढवावी, यंत्र बंद करावे, दुसऱ्या दिवशी सुरू करून नोंद जागेवर आहे ना ते पाहावे, आणि मगच काडतुसाचा स्क्रू घट्ट करावा.